‘९२५’चा शिक्का आणि आत निकेल

लग्नसराईची खरेदी सुरू होते आहे, म्हणून हे आत्ताच लिहिते.

माझ्या मुलीला निकेलची ॲलर्जी आहे. पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून करतात ती ॲलर्जीची तपासणी) करून डॉक्टरांनी ते पक्कं सांगितलंय. जीन्सच्या बटणानेसुद्धा तिच्या पोटावर चट्टा उठतो. त्यामुळे पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात झुमके बघताना मी आधीच सांगितलं, "हिला निकेल चालत नाही, खोट्यातलं काही दाखवू नका." दुकानदाराने मागे ठोकलेला ९२५ आकडा दाखवला, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी. "ताई, चांदी आहे. काही झालं तर माझी जबाबदारी."

पुतण्याच्या लग्नात तिने ते दिवसभर घातले. त्या दिवशी काहीच झालं नाही. ही ॲलर्जी अशीच उशिरा उफाळते, बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी. घामाने धातूतलं निकेल सुटतं आणि कातडीत उतरतं. मग कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या, फिरकीच्या जागी लस वाहायला लागली, झोपेतही ती कान खाजवायची.

ओळखीच्या सराफांनी झुमके मशीनवर तपासले. चांदी फक्त वरच्या मुलाम्यापुरती. आत तांबं, जस्त आणि निकेल, म्हणजे सरळसरळ जर्मन सिल्व्हर.

दुकानदार म्हणाला, "मुलीची स्किनच नाजूक असेल." बिलावर नुसतं ‘झुमके १ जोड’. पैशांचं एक वेळ सोडा. पोरीचा त्रास स्पष्ट सांगूनही त्याने तीच वस्तू हातात ठेवली, याची मला चीड आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे.

नुसता ९२५ आकडा म्हणजे हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, नव्हे, तो कुणीही ठोकू शकतं. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह बघा. एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर तो दुकानात उभ्या उभ्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. चांदी सहसा वजनावर विकतात, ग्रॅमचा भाव अधिक घडणावळ. ‘चांदी’ म्हणून नगावर भाव सांगितला की तिथेच शंका घ्या. आणि हॉलमार्क फक्त चांदी किती ते सांगतो. उरलेल्या साडेसात टक्क्यांत सहसा तांबं असतं, तरी ॲलर्जी असेल तर ‘निकेल नाही’ हे वजनासकट बिलावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.