एनएसटी: पोटावरचे दोन पट्टे आणि अर्ध्या तासाची रेघ

दिवस भरत आले, त्यात बीपी किंवा शुगर आहे, बाळाची वाढ कमी भरतेय, तारीख उलटलीय किंवा हालचाल मंदावलीय, की डॉक्टर एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट) लिहून देतात, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके काही वेळ कागदावर नोंदवणं. तपासणी साधी, न दुखणारी. 'बाळ आत्ता ठीक आहे' हे ती चांगलं सांगते; 'बाळ अडचणीत आहे' हे सांगताना मात्र बऱ्याचदा उगाच घाबरवते.

पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालच्या प्रोबला (ठोके टिपणाऱ्या चकतीला) जेल लावतात. तो ध्वनिलहरींनी ठोके पकडतो आणि बहुधा बाळाच्या पाठीच्या बाजूला नीट लागतो. दुसरा पोटाच्या वरच्या भागावर, जेलशिवाय. पोट कडक झालं की तो नोंद करतो, पण कळेचा जोर त्याला मोजता येत नाही. पट्टा कसा आवळलाय यावरही कागदावरची उंची बदलते, तेव्हा उंच डोंगर पाहून धसका घेऊ नये.

20 मिनिटं सांगितली तरी 40 धरून चाला. लघवीला जाऊन मगच झोपा, आणि उताणं नको: गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते, आईचं बीपी उतरतं आणि बाळाचे ठोकेही घसरू शकतात. डावी कूस किंवा पाठीला उशी लावून टेकून बसणं बरं.

ठोके मिनिटाला 110 ते 160 हवेत. रेघ गुळगुळीत नको, करवतीच्या दात्यांसारखी हलती हवी. 32 आठवड्यांनंतर 20 मिनिटांत निदान दोनदा ठोके 15 ने चढून 15 सेकंद टिकले, की पट्टी (रेघेचा कागद) 'रिॲक्टिव्ह', म्हणजे चांगली. तसं झालं नाही तर बहुतेक वेळा बाळ झोपलेलं असतं. ती झोप 20 ते 40 मिनिटांची. म्हणून आधी वेळ वाढवतात. तरीही रेघ सपाटच राहिली तर सोनोग्राफीत हालचाल, स्नायूंचा ताण, श्वासासारख्या हालचाली आणि गर्भजल पाहतात.

घोळ होतो तो प्रोबपाशी. बाळ वळलं की रेघ तुटते. त्याहून वाईट म्हणजे यंत्र आईचीच नाडी पकडतं, किंवा तिची दुप्पट करून 70 चे 140 दाखवतं, आणि कागदावर सगळं छान दिसतं. सुरुवातीला आईच्या मनगटाची नाडी वेगळी मोजली नसेल तर मोजायला सांगा. हे विचारण्यात संकोच कसला? कागदाचा वेगही पाहा: कुठे मिनिटाला 1 सेंटिमीटर, कुठे 3. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून तुलना होत नाही.

चांगली पट्टी पुढच्या दिवसांची हमी देत नाही. वार अचानक सुटणं किंवा नाळ दबणं तिला आधी कळत नाही.

घरी वापरायचं हातातलं डॉपलर (बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र) मात्र घेऊ नये. वारेतला किंवा आईच्या रक्तवाहिनीतला आवाज बाळाचा वाटतो, आणि ठोके खरे असले तरी रेघेचा चढउतार त्यात दिसत नाही. हालचाल कमी वाटली तर डॉपलर लावत बसू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

पट्टी बहुधा थर्मल कागदावर निघते आणि पुसट होत जाते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.