जुन्या डेस्कटॉपला नवी हार्ड डिस्क : डब्ल्यूडी ब्लू १ टीबीचा अनुभव

माझ्याकडचा डेस्कटॉप २००८ सालचा आहे. इंटेलच्या जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी, एवढाच त्याचा संसार. तो अजून चालू ठेवला आहे तो पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर ७ या जुन्या सॉफ्टवेअरसाठी. युनिकोड रूढ होण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेले दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि देवस्थानांचे वार्षिक अहवाल याच यंत्रावर जसेच्या तसे उघडतात, आणि ‘थोरल्याची होती तशीच धाकट्याची पत्रिका करून द्या’ असे सांगत जुने ग्राहक आजही येतात. डिस्कवर जेमतेम चार जीबी जागा उरली, तेव्हा दुसरी डिस्क जोडणे भाग पडले.

बराच विचार करून मी वेस्टर्न डिजिटलची ब्लू मालिकेतली १ टीबीची डिस्क निवडली, मॉडेल डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स. मिनिटाला ७२०० फेरे, ६४ एमबी कॅश आणि सेकंदाला ६ गिगाबिटची साटा जोडणी (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) ही तिची मुख्य वैशिष्ट्ये. थोडे पैसे वाढवले की २ टीबीची डिस्क मिळते हे खरे. पण याच मालिकेतल्या २ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर पद्धतीने लेखन होते, म्हणजे कौलारू छपरावर कौलाची एक ओळ दुसरीवर थोडी चढवावी तसे डाटाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच अशा डिस्कवर जुन्या मजकुरावर पुन्हा लिहिताना आजूबाजूचे पट्टेही नव्याने लिहावे लागतात. दिवसभरात एकच फाइल पन्नास वेळा सेव्ह करणाऱ्या माझ्यासारख्याला ही पद्धत सोयीची नाही. कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे, याची यादी कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केली. तीत ही १ टीबीची डिस्क जुन्या, सरळ सीएमआर पद्धतीची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, दाखवली आहे. ४ टीबीचा तर प्रश्नच नव्हता, कारण ३२ बिटी एक्सपीला एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेलीच डिस्क समजते आणि ५१२ बाइटच्या सेक्टरच्या (डिस्कवरच्या लहानात लहान कप्प्याच्या) हिशेबाने त्या पद्धतीची मर्यादा सुमारे २.२ टीबीवर संपते.

माझ्या बोर्डवरच्या जुन्या ३ गिगाबिटच्या साटा पोर्टवर ६ गिगाबिटची डिस्क वाया जाईल, असे मला दोघा-तिघांनी बजावले होते. ही भीती निराधार आहे. ३ गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला ३०० एमबीपर्यंत डाटा जाऊ शकतो, आणि फिरत्या तबकडीची ही डिस्क तेवढा देऊच शकत नाही. माझ्या यंत्रावर एचडी ट्यून या प्रोग्रामने मोजलेला वाचनाचा वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे १७० एमबी आणि आतल्या बाजूला ९० च्या आसपास भरला, म्हणजे नव्या बोर्डवरही याहून फार वेगळे आकडे आले नसते. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क, जोडली असती तर मात्र तिचा निम्मा वेग या पोर्टपाशीच अडला असता. मूळ व्हाया व्हीटी८२३७ चिपचे बोर्ड असलेल्यांनी मात्र सावध राहावे, त्यांचे १.५ गिगाबिटचे पोर्ट नव्या डिस्कशी वेग ठरवताना अडखळतात आणि डिस्क दिसतच नाही.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीत केली. पहिल्या दुकानात अँटिस्टॅटिक पाकिटातली, बाहेरून अगदी कोरी दिसणारी डिस्क समोर ठेवण्यात आली. लेबलवरचा अनुक्रमांक मोबाइलवरून कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर तिची वॉरंटी केव्हाच संपलेली निघाली. दुकानदाराने ‘आमची वॉरंटी आहे ना’ असे सांगितले. मी डिस्क परत केली. दुसऱ्या दुकानात पूर्ण दोन वर्षांची वॉरंटी दाखवणारी डिस्क पक्क्या बिलासह मिळाली. अनुक्रमांक तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दुकानातच, पैसे देण्याआधी काढावीत.

जोडणीत खरा वेळ गेला तो केबलींपायी. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या दोन्ही साटा पिना जुनी डिस्क आणि डीव्हीडी रायटरने अडवलेल्या होत्या, म्हणून मोलेक्स या जुन्या चार पिनी वीजजोडणीवरून साटा करणारा अडॅप्टर घ्यावा लागला. यात ज्याच्या तोंडाला प्लास्टिक ओतून तारा आत बंद केलेल्या असतात तो प्रकार टाळावा, कारण आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेला, मागून उघडून पाहता येणारा अडॅप्टर घ्यावा.

डाटा केबल मात्र मी खणातली जुनी, लाल, खटक्याविना असलेली वापरली आणि ती चूक भोवली. मोठ्या फोल्डरची नक्कल करताना यंत्र मध्येच दहा-पंधरा सेकंद गोठायचे. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहिले तर ०५ आणि सी५ या ओळी, म्हणजे खराब सेक्टरांची मोजदाद, शून्यावर होत्या. सी७, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेल्या डाटाची मोजदाद, ३७ वर पोहोचली होती. दोष डिस्कचा नव्हताच. धातूच्या खटक्याची नवी केबल लावली आणि तो आकडा ३७ वरच थांबला. तो पुन्हा कधी खाली येत नाही, त्यामुळे तारखेसह वहीत लिहून ठेवला आहे.

आणखी दोन गोष्टी. डिस्क जोडल्यावर बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने) तिलाच बूटच्या क्रमात पहिले स्थान दिले आणि एक्सपी सुरू होईना. हार्ड डिस्कचा क्रम बदलताच काम झाले. दुसरी अधिक महत्त्वाची. या डिस्कचे सेक्टर आतून ४ केबीचे, म्हणजे ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांएवढे आहेत, आणि एक्सपी स्वतः पार्टिशन (डिस्कचा विभाग) करते तेव्हा त्याची सुरुवात ६३ व्या सेक्टरपासून होते. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक लेखन दोन सेक्टरांत विभागले जाऊन वेग घसरतो. मी पेन ड्राइव्हवरून पार्टिशन करणारा जीपार्टेड हा प्रोग्राम चालवून पार्टिशन १ एमबीपासून सुरू केले. एक्सपीने ते विनातक्रार स्वीकारले. १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसतात, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

डिस्कबद्दल तक्रार म्हणावी तर एवढीच, की एकाच वेळी अनेक लहान फाइली वाचताना तिचा खडखडाट शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. वॉरंटीही दोनच वर्षांची आहे, जिथे याच कंपनीच्या ब्लॅक मालिकेला पाच वर्षे मिळतात. पण २०११ चा दिवाळी अंक तिच्यावरून उघडला तेव्हा एकेक जोडाक्षर आणि चौकट जागच्या जागी होती. तिच्या सर्व मजकुराची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी घेतो, आणि बिलाची झेरॉक्स कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.