१९७९ सालच्या पहिल्या क्रमांकाच्या सात तबकड्या

चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून गेल्या महिन्यात मी सात तबकड्यांचा गठ्ठा घेतला. सातही गाणी १९७९ या एकाच वर्षात अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या संगीतविषयक नियतकालिकाच्या 'हॉट १००' यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली आहेत. डिस्कोला भरती आली ती या सुमारास आणि ओहोटी लागली तीही याच वर्षी. त्यामुळे हा गठ्ठा सलग ऐकणे हा एक वेगळाच अनुभव ठरतो.

घेणाऱ्याने आधी तबकडीचा आकार पाहावा. सात इंची तबकडीवर गाणे तीन-चार मिनिटांत उरकावे लागते. बारा इंचीवर तेच गाणे सात-आठ मिनिटे चालते, आणि जागा मुबलक असल्यामुळे खाचा ऐसपैस कोरता येऊन बेस व ड्रम यांना भरदारपणा येतो. ही सोय मुळात क्लबमधल्या डीजेंसाठी होती. बारा इंची तबकडी दिव्याखाली तिरकी धरली तर जिथे बरीचशी वाद्ये थांबून केवळ ठेका उरतो, तो पट्टा शेजारच्या पट्ट्यांहून गडद दिसतो. सुई कुठे टेकवायची हे डीजे त्यावरूनच ओळखत असत. माझ्या गठ्ठ्यात अशा चार आहेत.

ग्लोरिया गेनरचे 'आय विल सर्व्हाइव्ह' हे मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे गाणे. कंपनीचा भर पहिल्या बाजूच्या 'सबस्टिट्यूट'वर होता, पण क्लबवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली आणि मार्चमध्ये हे गाणे अव्वल ठरले. रंगमंचावर पडल्यामुळे गेनरच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिच्या पाठीला पट्टा होता. साथीला कोरस नाही, गळा एकटाच आहे. म्हणूनच असेल कदाचित, पण इतक्या लग्नांच्या वरातींत आणि ऑफिसच्या पार्ट्यांत झिजूनही हे गाणे अजून ताजे वाटते.

एमी स्टुअर्टच्या 'नॉक ऑन वुड'बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एडी फ्लॉइडच्या १९६६ सालच्या गाण्याला चढवलेला हा चकचकीत मुलामा आहे. पहिल्यांदा दिपवतो, तिसऱ्यांदा थकवतो. ब्लाँडी या चमूच्या 'हार्ट ऑफ ग्लास'मध्ये रोलँडच्या ताल-यंत्राची टिकटिक आणि खरे ड्रम एकमेकांत इतके बेमालूम विणले आहेत की ते हेडफोनवरच ऐकावे. अनिता वॉर्डच्या 'रिंग माय बेल'मधला इलेक्ट्रॉनिक ड्रमचा तो घरंगळत खाली येणारा 'डूऽऽ' एकदा कानात बसला की दिवसभर निघत नाही; ही तक्रार समजावी की कौतुक, ते ज्याने त्याने ठरवावे.

डॉना समरच्या दोन तबकड्या मात्र निःसंशय घेण्याजोग्या आहेत. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी 'हॉट स्टफ'मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर जेफ बॅक्स्टरची रॉक गिटार बसवली, आणि ती जोड इतकी अस्सल ठरली की या गाण्यासाठी समरला ग्रॅमी मिळाले ते रॉक गायनाचे. 'बॅड गर्ल्स' पाच आठवडे अव्वल राहिले. ते तिथे पोहोचले १४ जुलैच्या यादीत. त्याच्या दोनच दिवस आधी, १२ जुलैला, शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोला विरोध म्हणून दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरात पेटीभर डिस्को तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या होत्या. डिस्को तबकडी घेऊन येणाऱ्याला तिकीट अवघे ९८ सेंट होते. गर्दी मैदानात घुसली आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला.

या गठ्ठ्यातील माझी सर्वांत आवडती तबकडी शीक या चमूची 'गुड टाइम्स' आहे. ऑगस्टमध्ये ती केवळ एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होती. पुढच्याच आठवड्यात 'माय शरोना' या गिटारप्रधान गाण्याने ती जागा घेतली आणि सहा आठवडे सोडली नाही. यादीतले आठवडे मोजले तर ही तबकडी सर्वांत मागच्या बाकावर बसेल. पण लांब आवृत्तीच्या मध्यावर बाकीची वाद्ये दूर होतात, बर्नार्ड एडवर्ड्सची बेस गिटार आणि ड्रम एवढेच उरतात, आणि मग एकेक वाद्य पाहुण्यासारखे हळूच परतू लागते; तो भाग मी सलग चार वेळा ऐकला. हीच बेसची चाल त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' या रॅप गाण्यात पुन्हा वाजवण्यात आली आणि रॅप पहिल्यांदाच अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला. पुढे एडवर्ड्स आणि गिटारवादक नाइल रॉजर्स यांना त्या गाण्याच्या श्रेयात स्थान द्यावे लागले.

आता मालाविषयी. दुकानदाराने 'एकदम कडक' म्हणून दिलेल्या सातपैकी पाच तबकड्या स्वच्छ वाजतात. 'नॉक ऑन वुड' वाकलेली निघाली आणि 'हॉट स्टफ'वर पहिल्याच मिनिटात ओरखडा आहे. दुकानात वाजवून पाहण्याची सोय असूनही मी घाईत ती वापरली नाही. 'गुड टाइम्स' मागितल्यावर दुकानदार बहुधा सात इंचीच पुढे करतो. तीत मधला तो सगळा भाग छाटलेला असतो, म्हणून थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी बारा इंचीच घ्यावी.