टेन्सरफ्लो आणि विंडोज लॅपटॉप: एका द्राक्षहंगामानंतरचा अनुभव

टेन्सरफ्लो या गूगलच्या मशीन लर्निंग लायब्ररीबद्दल माझी मुख्य तक्रार एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. जिथे ठणकावून सांगायला हवं तिथे हे गप्प बसतं, आणि जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे स्क्रीन भरून इशारे देतं. लायब्ररी म्हणून उत्तम आहे. पण या एका खोडीपायी माझे पैसे गेले, नेटपॅकचा डेटा गेला आणि दिवाळीची सुट्टीही गेली, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. मामेभावाची दिंडोरी तालुक्यात मोहाडीला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी निघाल्या आणि त्यात पाऊस आला की त्याचे पानांचे फोटो सुरू होतात: "ताई, हा डाउनीचा तेलकट डाग आहे की औषधाचं स्कॉर्चिंग?" (डाउनी हा रोग, स्कॉर्चिंग म्हणजे औषधाने पान भाजणं.) त्याच्यासाठी फोटोवरून ओळखणारं छोटं मॉडेल करायचं होतं, आणि ते बागेत रेंज नसतानाही मोबाइलवर चाललं पाहिजे होतं. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा मोठा संच सगळ्यांना माहीत असतो. त्यात ५४ हजारांवर फोटो आहेत, पण द्राक्षाच्या पानांचे वर्ग चारच: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. आपल्याकडच्या बागायतदाराची झोप उडवणारे डाउनी आणि भुरी हे रोग त्यात नाहीतच. म्हणजे फोटो आपले आणि ट्रेनिंगही आपल्याच मशीनवर. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) एनव्हीडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. मोबाइलनेटसारख्या छोट्या मॉडेलला एवढं पुष्कळ झालं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत टेन्सरफ्लो इन्स्टॉल करायला घेतलं, आणि पहिली एरर सगळ्यांना येते तीच आली: 'कुड नॉट फाइंड अ व्हर्जन', आणि पुढे 'फ्रॉम व्हर्जन्स: नन'. वाचणाऱ्याला वाटतं नेट बंद आहे किंवा नाव चुकलंय. खरं कारण असं की पायथन ३.१३ नुकताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये आला होता आणि त्याच्यासाठी टेन्सरफ्लोची तयार व्हील फाइल, म्हणजे इन्स्टॉलचं पॅकेज, तेव्हा निघालेली नव्हती. ३२ बिटचा पायथन असला तरी हाच मजकूर येतो. 'तुमचा पायथन फार नवा आहे' एवढं वाक्य तिथे असतं तर किती जणांची संध्याकाळ वाचली असती! पायथन ३.१२ टाकला, वेगळं व्हेन्व्ह (फक्त या कामापुरतं पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट) केलं आणि काम झालं. दुसरा अडथळा विंडोजच्या २६० अक्षरांच्या पाथ मर्यादेचा. टेन्सरफ्लोच्या आतली फोल्डरं इतकी खोल जातात की इन्स्टॉल अर्ध्यावर तुटतं. पण तिथे पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) स्वतःच 'लाँग पाथ चालू करा' असं सुचवतं. रजिस्ट्रीत एक आकडा बदलला की मिटलं. या संदेशाला पैकीच्या पैकी मार्क.

आता खरं दुखणं. इन्स्टॉल 'सक्सेसफुली' झालं. इम्पोर्टही झालं. जीपीयूची यादी मागितली, तर उत्तरात नुसता रिकामा चौकोनी कंस. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. ट्रेनिंग सुरू केलं तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभर टक्के आणि जीपीयूची रेघ तळाला चिकटलेली. ड्रायव्हर पुन्हा टाकला, जीपीयूवर आकडेमोड चालवणारं एनव्हीडियाचं क्यूडा टाकलं, त्याच्या जोडीचं क्यूडीएनएनही टाकलं. त्यात काही जीबी गेले आणि माझा पॅक दिवसाला दोन जीबीचा आहे. तरी कंस रिकामाच.

काहीच एरर येत नाही म्हटल्यावर संशय हार्डवेअरवर जातो. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप दाखवला. तपासणीचे पाचशे रुपये आधी भरून घेतले आणि निदान काय, तर "मॅडम, ग्राफिक गेलंय. बोर्डवरच असतं, अख्खा बोर्ड बदलावा लागेल." म्हटलं, माझ्या भाच्याचा गेम याच कार्डावर चालतो, मग गेलं कसं? "गेमचं वेगळं असतं." दोन दिवसांनी मी कार्डाची माहिती दाखवणाऱ्या एनव्हीडिया-एसएमआय या कमांडचा तक्ता आणि गेम चालू असतानाचा जीपीयूचा ग्राफ घेऊन परत गेले आणि पाचशे रुपये परत मागितले. "तपासणी झालेली आहे, फी परत होत नाही." लेखी निदान मागितलं, तेही दिलं नाही. रक्कम लहान आहे, पण चांगल्या कार्डाला मेलेलं ठरवून हजारोंचा बोर्ड गळ्यात मारायला निघाले होते, याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्याकडे असं कुणी सांगितलं तर बोर्डाला हात लावू देण्याआधी हे वाचा.

कारण साधं आहे. विंडोजवर थेट जीपीयू वापरू देणारी टेन्सरफ्लोची शेवटची आवृत्ती २.१०, सप्टेंबर २०२२ची. २.११ पासून विंडोजवर जी मिळते ती फक्त सीपीयूची. जीपीयू हवा असेल तर डब्ल्यूएसएल२ मधून, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या लिनक्समधून जावं लागतं. इन्स्टॉलच्या अधिकृत पानावर हे स्पष्ट लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच की मी टाकलेल्या २.१८ ने ती यादी रिकामी देताना हेच वाक्य छापायला हवं होतं. मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड आहे, विंडोज आहे आणि जीपीयू मिळणार नाही, हे त्याला ठाऊक असायला काय हरकत होती?

त्याच वेळी बिनकामाचं किती बोलतं बघा. इम्पोर्ट करताच सांगणार, वनडीएनएन (प्रोसेसरवरची आकडेमोड वेगवान करणारा भाग) चालू आहे, दशांशांच्या राउंडिंगमुळे आकड्यांत किंचित फरक पडू शकतो. मग सांगणार, तुमच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ आणि एफएमए या वेगवान आकडेमोडीच्या सोयी आहेत, त्यांचा फायदा हवा तर टेन्सरफ्लो पुन्हा बिल्ड करा. नवख्याला वाटतं आपलं इन्स्टॉल अर्धवट झालंय. दोन्ही सूचना निव्वळ माहिती आहेत, सोडून द्या. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बघायची सवय लावा: आय म्हणजे माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे चूक. पण इथेही घोळ आहेच. लिनक्सवर 'अनएबल टु रजिस्टर क्यूडीएनएन फॅक्टरी' ही ओळ ई लावून येते आणि तरीही सगळं सुरळीत चालतं. न्यूमा नोडबद्दलची (मेमरीच्या मांडणीची) कुरकुर तर डब्ल्यूएसएलमध्ये दर वेळी असते, तीही निरुपद्रवी. लॉग लेव्हलचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ केलं की माहिती आणि इशारे दोन्ही बंद होतात. मात्र ते इम्पोर्टच्या आधी ठेवायचं, नंतर ठेवून उपयोग नाही. सगळं नीट चालायला लागेपर्यंत ते मुळीच बंद करू नका, असं माझं मत.

डिसेंबरात मी जुन्या रस्त्याने गेले: पायथन ३.१०, टेन्सरफ्लो २.१०, कॉन्डा या पॅकेज मॅनेजरमधून क्यूडा ११.२ आणि क्यूडीएनएन ८.१. इम्पोर्ट केल्यावर 'नमपाय १.एक्सवर कंपाइल केलेलं मॉड्यूल नमपाय २ मध्ये चालणार नाही' असा लांबलचक मजकूर आला. २.१० ला नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या आवृत्तीची वरची मर्यादा घातलेलीच नाही, त्यामुळे पिप आपलं ताजं नमपाय आणून ठेवतं. नमपाय दोनच्या खालचं सक्तीने टाकलं आणि कंसात पहिल्यांदा काहीतरी दिसलं: 'जीपीयू:०', म्हणजे पहिलं कार्ड सापडलं. कार्डाचा पंखा फिरायला लागला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर 'सरळ २.१० टाका' असं ठामपणे सांगितलं असतं.

आता तसं सांगणार नाही. जानेवारीत काही ट्रेनिंग कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सेवेवर केलं आणि तिथलं डॉट केरस फाइलमधलं मॉडेल २.१० ने उघडलंच नाही, कारण तो फॉरमॅटच नंतर आलेला आहे. २०२२ मध्ये थांबलेल्या आवृत्तीवर किती दिवस काढणार?

म्हणून डब्ल्यूएसएल२, आणि गेले काही महिने मी तिथेच आहे. ड्रायव्हर फक्त विंडोजमध्ये टाकायचा, उबंटूच्या (डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या) आत दुसरा टाकू नका. उबंटू २४.०४ मध्ये थेट पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडवतं. ते योग्यच करतं, व्हेन्व्ह करा. मग 'अँड-क्यूडा' जोडलेलं टेन्सरफ्लो मागवायचं, क्यूडाची सगळी पॅकेजं सोबत येतात. सगळं मिळून दोन जीबीच्या पुढे जातं, तेव्हा माझ्यासारखा रोजचा पॅक असेल तर ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांच्याकडे बसून पिप डाउनलोडने फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मी गंगापूर रोडला नणंदेकडे जाऊन घेतल्या. त्यानंतर दोनदा नवं एन्व्हायर्नमेंट केलं, नेट न लावता.

इथेही ती गप्प राहण्याची खोड आडवी आलीच, पण या वेळी दोष लिनक्सचा. ट्रेनिंग मध्येच थांबायचं आणि एकच शब्द: 'किल्ड'. डब्ल्यूएसएलला मुळात निम्मीच रॅम मिळते, माझ्याकडे ८ जीबी. फोटो मेमरीत कॅश केले की ती संपते. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून १२ जीबी दिली, डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं, त्यानंतर हा त्रास नाही. फोटो सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचू नका, फार रखडतं. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी केल्यावर एका इपॉकचा (सगळ्या फोटोंवरून ट्रेनिंगची एक फेरी) वेळ माझ्याकडे निम्म्याहून खाली आला.

मधल्या काळात पायटॉर्च ही तशीच दुसरी लायब्ररीही वापरून पाहिली. विंडोजवर थेट जीपीयू चालतो आणि क्यूडा वेगळं टाकावं लागत नाही. फक्त साध्या पिप इन्स्टॉलने विंडोजवर सीपीयूवालं येतं, क्यूडाचं हवं तर त्यांच्या पानावरून इंडेक्सची लिंक घ्यावी लागते. पण ते न करता कार्ड मागितलं तर 'टॉर्च क्यूडासकट कंपाइल केलेलं नाही' असं तोंडावर सांगतं. मला टेन्सरफ्लोकडून एवढीच अपेक्षा आहे. तरी मी टेन्सरफ्लो सोडलेलं नाही, कारण टीएफलाइट, म्हणजे मॉडेल मोबाइलवर चालवायची त्याची छोटी आवृत्ती. मॉडेल आठ बिटांत उतरवलं की मूळच्या साधारण चौथाई आकारात बसतं, आणि भावाच्या साध्या अँड्रॉइडवर बागेत उभ्या उभ्या उत्तर देतं. डाउनी आणि स्कॉर्चिंग यातला फरक ते बऱ्यापैकी ओळखतं. भुरीत अजून गडबडतं, तिथे फोटो कमी आहेत.

लायब्ररीला पाचपैकी चार, विंडोजवरच्या इन्स्टॉलला दोन. ज्यांच्याकडे एनव्हीडियाचं कार्डच नाही त्यांनी डब्ल्यूएसएलच्या भानगडीत पडू नये, विंडोजवरचं सीपीयूवालं टेन्सरफ्लो शिकायला पुरेसं आहे. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी पहिल्याच दिवशी जीपीयूची यादी मागून बघावी, आणि कंस रिकामा आला तर आधी आवृत्ती तपासावी. मी सध्या चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आकड्यांसकट बांधून ठेवल्या आहेत आणि एप्रिलची खरड छाटणी उरकेपर्यंत एकही अपडेट घेणार नाही.