राउटरचा अडॅप्टर: १५० चा की ३५० चा?

ऐन मे महिन्यात घरच्या राउटरचा अडॅप्टर गेला. सीताबर्डीत दोन मिळाले: १५० रुपयांचा सुटा आणि ३५० चा, बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या शिक्क्याचा. दोन्हींवर १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिनही बसत होती. पण १५० चा हातात घेतला तर पिसासारखा हलका, आणि बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. दुसऱ्याचा क्रमांक मी दुकानातच बीआयएस केअर ॲपवर तपासला.

व्होल्ट तंतोतंत जुळायलाच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. पिनेची धन-ऋण खूणही बघा. उलटी असली तर राउटरच जळू शकतो.

नागपूरच्या ४५ अंशांत, पोरं झोपलेली असताना रात्रभर तापणारी वस्तू ही. २०० रुपयांसाठी माझं मन धजलं नाही. ३५० चाच घेतला.