मोठ्या संख्यांचे अवयव काढणारं अ‍ॅप, ४ स्टार

मुलीच्या अभ्यासासाठी घेतलं होतं, आता मीच जास्त वापरतेय. १२३४५६७८९८७६५४३२१ टाकलं, फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर शेवटचे अंक दिसतच नाहीत पण इथे १७ च्या १७ अंक राहिले आणि लगेच उत्तर, ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. म्हणजे हा १११११११११ चा वर्ग! एकूण विभाजक ४५, अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भागही जातो, कसलं भारी ना. देवळालीचे गणितज्ञ कापरेकर सर यांनी अशा संख्यांना डेम्लो म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून, हे सांगितल्यावर मुलगी स्वतः वही घेऊन बसली. एक स्टार कापला कारण स्टेप्स दाखवत नाही, मुलांना तेच तर हवं असतं.