मॅकशेनचं बायबल-वाचन वेळापत्रक: मंडळीला घेऊन वाचायचं असेल तर

वर्षभरात बायबल वाचून काढायची वेळापत्रकं पुष्कळ आहेत. एकट्याने वाचायला त्यातलं कुठलंही चालतं. अख्खी मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, बरोबर घेऊन वाचायचं असेल, तर मात्र रॉबर्ट मरी मॅकशेन यांचंच वेळापत्रक आधी बघावं, कारण ते मुळात मंडळीसाठीच तयार झालं. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या सेंट पीटर्स चर्चचे हे पाळक. १८४२च्या डिसेंबरअखेर त्यांनी आपल्या लोकांना पत्र लिहून ते दिलं आणि पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. वेळापत्रक फुकट आहे, छापायला कुणाची परवानगी लागत नाही, बायबल ॲपवरही मिळतं.

रचना अशी: रोज चार वाचनं. दोन कुटुंबात मोठ्याने वाचायची, दोन एकांतात; कागदावर प्रत्येकाचा वेगळा रकाना. वर्षाअखेर जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. बायबलचे ११८९ अध्याय, त्यात नव्या कराराचे २६० आणि १५० स्तोत्रं पुन्हा मिळवली की १५९९, म्हणजे दिवसाला सव्वाचार अध्यायांच्या वर. मोठ्याने वाचायला साधारण वीस मिनिटं धरा, लांब अध्यायांच्या दिवशी अर्धा तास.

खरी गोडी चार वाचनं शेजारी शेजारी येण्यात आहे. १ जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १: सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासातून परतणं, मंडळीची सुरुवात. २९ मार्चला कुटुंबाच्या रकान्यात निर्गम ४० आणि योहान १९ येतात. एका अध्यायात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, परमेश्वराच्या तेजाने भरून जातो आणि मोशेलाही आत जाता येत नाही, दुसऱ्यात तोच देव वधस्तंभावर. दुसऱ्याच दिवशी लेवीय १ मधलं होमार्पण आणि योहान २० मधली रिकामी कबर. पाळकाने त्या आठवड्याचा उपदेश यावरच ठेवला, तर लोक घरून वाचूनच उपासनेला येतात. मॅकशेन यांनी सांगितलेल्या फायद्यांत हाही होताच: आपली माणसं वचनात कुठे चरताहेत हे पाळकाला कळतं.

तोटेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेत: वाचन नुसता रिवाज होणं, वाचतो म्हणून स्वतःला धार्मिक समजणं, घाईघाईने पानं उलटणं आणि काहींना ते जड जू वाटणं. मराठी मंडळ्यांत शेवटचा तोटा सर्वांत आधी दिसतो. नोकरी, प्रवास, घरातलं आजारपण यांत आठ दिवस चुकले की बत्तीस वाचनं तुंबतात, मग बायबलच मिटून ठेवलं जातं. म्हणून पहिल्याच रविवारी स्पष्ट सांगावं: चुकलेलं भरून काढायचं नाही, आजच्या तारखेचं वाचायचं. वेळापत्रक तारखेवर बांधलेलं असल्यामुळे हे जमतं.

ॲपवर नेमकी इथेच गफलत होते. ॲपमध्ये ज्याने ज्या दिवशी योजना सुरू केली तो त्याचा पहिला दिवस. मग एकाच घरात आई निर्गमात, मुलगा उत्पत्तीत. सगळ्यांनी १ जानेवारीलाच सुरू करावं, नाहीतर छापील कागदच वापरावा. वर्षाचा एकच कागद बारीक टायपात छापू नये. महिन्याला एक चिठ्ठी, ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरात, प्रत्येक तारखेपुढे खुणेला चौकोन. अशी चिठ्ठी बायबलमध्ये राहते.

बहुतेक मंडळ्यांनी एका वर्षाचा हट्ट सोडून दोन वर्षांची पद्धत घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. पहिल्या वर्षी फक्त कुटुंबाचे दोन रकाने, दुसऱ्या वर्षी एकांताचे. कुटुंबाच्या रकान्यांत उत्पत्ती ते २ इतिहास, शिवाय पूर्ण नवा करार आणि स्तोत्रं येतात. एकांताच्या रकान्यांत एज्रा ते मलाखी, आणि नवा करार व स्तोत्रं पुन्हा. रोज दहा-बारा मिनिटांत भागतं आणि वर्षाअखेर सोबत पोचणारे बरेच जास्त असतात.

अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. मार्चअखेर लेवीय सुरू होतं, पण एप्रिलपासून शेजारी स्तोत्रं येतात, त्यामुळे ते निभतं. नोव्हेंबरात १ इतिहासाच्या वंशावळ्या येतात, तिथे कुटुंबात मोठ्याने वाचणारे थांबतात. आधीच्या रविवारी सांगून ठेवावं की नावं अडखळत वाचली तरी चालतील, आणि चौथ्या अध्यायातली, देवाकडे आशीर्वाद मागणाऱ्या याबेसची प्रार्थना सुटू देऊ नका.

घरात वचनं आळीपाळीने वाचायची तर सगळ्यांच्या हाती एकच भाषांतर हवं. एकाकडे बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’, दुसऱ्याच्या फोनवर सोप्या मराठीतलं, असं झालं की वाक्य मध्येच तुटतं आणि मुलं हसू लागतात. लहान मुलं असलेल्या घरी सोपं भाषांतर मोठ्याने वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ॲपमधलं ध्वनिबायबल लावून द्यावं.

चर्चचं पंचांग हे वेळापत्रक पाळत नाही. नाताळात ख्रिस्तजन्माचा वृत्तांत येत नाही, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याशी मेळ बसला तर केवळ तारखेच्या योगाने. त्या दिवसांसाठी उपासनेतली वाचनं वेगळी ठेवावीत. २९ फेब्रुवारीला वाचन नाहीच. लीप वर्षी तो दिवस महिला मंडळाने आणि तरुण संघाने प्रश्नोत्तरांना वापरावा.

वर्षाच्या मध्येच सुरू करायचं असेल तर जानेवारीची वाट पाहू नये. आजच्या तारखेचा कुटुंबाचा रकाना काढून आज रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत वाचावा, आणि १ जानेवारीला सर्वांनी मिळून उत्पत्तीपासून धरावं.